घोडीचं पाणी

बडोद्यात थंडी पडते असं म्हटलं की उत्तरेकडे राहून आलेली माणसं हसतात. हसू द्यावं त्यांना. फक्त हसण्याआधी त्यांनी एकदा जानेवारीत पहाटे पाणीगेट वेशीच्या आतल्या गल्लीत यावं, जिथे ऊन नऊ वाजेपर्यंत फिरकत नाही, आणि तीस वर्षांची पेट्रोल जीप चालू करून दाखवावी. घोडामैदान जवळच आहे. आठ डिग्रीत माणसाचं एका स्वेटरवर भागतं, बॅटरीचं भागत नाही. थंडीत तिचं बळ उतरतं, आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट होऊन जास्त बळ मागतं. शैला मोहिते हे सगळं शिकली ती सत्त्याण्णवच्या जानेवारीत, दोन दिवसांत. ज्याच्या चुकीमुळे शिकावं लागलं, त्याच्यावर तिला धड रागावताही आलं नाही.

तोवर शैलाचं आयुष्य टाइपरायटरवर गेलं होतं. काचेच्या एका कारखान्यात सोळा वर्षं तिने पत्रं टाइप केली. मग कारखान्यात कॉम्प्युटर आले, पाठोपाठ नवे मॅनेजर आले, आणि स्वेच्छानिवृत्ती नावाचा कागद आला. त्यात स्वेच्छा कोणाची हे विचारायची सोय नव्हती. निरोप समारंभात तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला उद्यापासून कुठेच जायचं नाही त्याला घड्याळ देण्याची रीत कोणी काढली कोण जाणे. शैलाने ते कपाटावर उलटं ठेवलं आणि चाळिसाव्या वर्षी, बिनलग्नाची, घरी बसली. आठ दिवस बसली. नवव्या दिवशी तिने अंगणातल्या जीपवरची ताडपत्री काढली.

जीप आबांची. आबा म्हणजे तिचे वडील, जयसिंगराव मोहिते, कालवा खात्यातून निवृत्त झालेले हेडक्लार्क. त्यांचे वडील संस्थानच्या पागेत दरोगा होते, शंभर घोड्यांचं दाणापाणी त्यांच्या हाताखाली. संस्थान गेलं, पागा गेली, पण ती पागा आबांच्या डोक्यातून काही गेली नाही. खात्याच्या लिलावात जुनी जीप निघाली तेव्हा त्यांनी ती घेतली आणि पहिल्या दिवसापासून तिला ‘घोडी’ म्हणू लागले. चढावर ‘ऊठ बेटा’ म्हणायचे, घरी आल्यावर बॉनेट थोपटायचे, थंडीत तिच्या अंगावर पागेतली जुनी लोकरी झूल टाकायचे. गल्लीतली मंडळी हसायची. झुलीचं सांगायचं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. झाकलेलं इंजिन सकाळी खरंच लवकर जागं होतं.

याच जीपवर आबांनी शैलाला अठराव्या वर्षी गाडी शिकवली, तीही महीच्या कोतरांत. मही नदीने काठची जमीन खाऊन खाऊन जे खोल घळींचं रान केलंय, त्याला इकडे कोतरं म्हणतात. धाकट्या भावाला, उन्मेषला, तिथे उलट्या झाल्या. शैलाला मजा आली. सगळं शिकवलं आबांनी, फक्त एक सोडून. जीपच्या नाकाडात लोखंडी हँडल घालून, फिरवून ती चालू करायची विद्या त्यांनी लेकीला दिली नाही. एकदा ते हँडल उलटं फिरून त्यांचं डावं मनगट मोडलं होतं, ते वाकडंच बसलं. “हँडल म्हणजे घोडीची लाथ आहे, शैले. ते बाईमाणसाचं काम नाही,” एवढ्यावर तो विषय संपत असे.

आता आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि शैलाच्या डोक्यात एक बेत होता. शहराबाहेर बाजव्याच्या बाजूला एका खाजगी कंपनीने ऑफिस उघडलं होतं. गॅसची पाइपलाइन महीपलीकडे न्यायची, त्यासाठी कोतरांतून मोजणी करायची, आणि तिथे साध्या गाड्यांची चाकं नुसती जागच्या जागी फिरत. चारही चाकांना जोर असलेली जीप आणि ती हाकणारा माणूस असा एक वर्षाचा ठेका निघाला. शैलाने अर्ज स्वतःच टाइप केला. हाकणारा माणूस या रकान्यात स्वतःचंच नाव घातलं.

उन्मेष हे ऐकून विश्वामित्री नदी ओलांडून, शहराच्या पलीकडच्या अकोट्याहून तडक आला. बँकेत होता, स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याला उंटावरून शेळ्या हाकायची सवय. “ताई, लोक काय म्हणतील? मोहित्यांची मुलगी ड्रायव्हर? आणि ही गाडी आहे की भंगार? माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे. लग्नाच्या वरातीला शोभेची जीप पाहिजे त्याला. नवरदेव बसवेल, फुलं लावेल.”

“घोडीवर नवरदेव बसवतातच की,” आबा म्हणाले, पण त्यांचा आवाज बसला होता.

बरीच वादावादी होऊन ठरलं ते असं. संक्रांतीपर्यंत काम मिळालं तर जीप शैलाची. नाही मिळालं तर संक्रांत उलटताच गिऱ्हाईक येऊन घेऊन जाईल. आबांनी मान हलवली. कागदोपत्री जीप त्यांची, पण मुलाशी भांडायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. शैलाने मनाशी एवढंच ठरवलं, की माझ्या अंगणातून ही जीप बाहेर जाईल तर मीच चालवत नेईन.

कंपनीचा साहेब कानपूरकडचा होता. बडोद्यात नवा. त्याने गाडीच्या चाचणीची तारीख दिली चौदा जानेवारी, सकाळी साडेसात. बडोद्यात उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी काम सांगणारा माणूस एकतर परका असतो नाहीतर वेडा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणाला पतंग उडवायला अख्खं शहर गच्चीवर असतं. खाली रस्त्यावर फक्त कुत्री आणि तुटलेला मांजा. बाकीच्या जीपवाल्यांनी साहेबाला हो हो म्हटलं आणि पतंग घ्यायला गेले. शैलाने हो म्हटलं आणि खरंच जायची तयारी केली.

जीपवरची ताडपत्री निघाल्यापासून आबांनाही काहीतरी काम हवं होतं. दिवाळीत त्यांनी फारच भुणभुण लावली तेव्हा शैलाने त्यांना बॅटरीचं पाणी बघायचं काम दिलं होतं. दर पंधरा दिवसांनी सहा बुचं उघडायची, आतल्या पट्ट्या पाण्याखाली आहेत ना ते बघायचं, कमी वाटलं तर बाटलीतलं बॅटरीचं पाणी थोडंसं घालायचं. म्हाताऱ्याचा वेळ जाईल, एवढाच तिचा हिशेब. मागाहून तिने एकदाही बघितलं नाही. इथे चूक तिची, हे तिनेच पुढे अनेकांना सांगितलं.

तेरा तारखेला सकाळी थंडीची लाट आली. शैलाने किल्ली फिरवली तर जीप म्हाताऱ्यासारखी दोनदा खोकली आणि गप्प झाली. तिने बॅटरी सोडवली, रिक्षात घातली आणि पाणीगेटबाहेर मुकुंदभाईंच्या दुकानात नेली. मुकुंदभाई आपल्यातलेच, पण तीस वर्षं दुकानात बसून त्यांची मराठी निम्मी गुजराती झालेली. त्यांनी काचेची नळी एकेका भोकात बुडवून आतलं अ‍ॅसिड ओढलं. नळीतला तरंगता काटा प्रत्येक वेळी तळाला जाऊन बसला.

“बेन, आ जुओ, बघा हे. ह्यात अ‍ॅसिड कुठे आहे? नुसतं सरबत आहे. कोणीतरी काठोकाठ पाणी भरलंय, अ‍ॅसिड बाहेर सांडलंय, आणि पाणीपण साधं. क्षाराचं. पट्ट्या खाऊन टाकल्या बघा त्याने.”

“बाटलीतलंच घालतात आबा.”

“बाटलीतलं नाही हे. बोलो ने, नर्मदेचं बिर्मदेचं नाही ना घातलं? आपल्या लोकांना पवित्र दिसलं की सगळीकडे ओतायचं असतं. नर्मदेचं पाणी घालायचंच असेल तर रेडिएटरमध्ये घाला, तिथे कोणतंही चालतं. बॅटरीत नको.”

त्यांनी दिवसभर चार्जिंगला लावली. त्या मापाची दुसरी बॅटरी दुकानात नव्हती, आणि मोठा व्यापारी आता सोळालाच उघडणार होता. संध्याकाळी बॅटरी परत देताना ते म्हणाले, “रात्री घरात ठेवा, पाटावर, गोधडीत गुंडाळून. चुलीजवळ नको हां, चार्ज केलेली बॅटरी गॅस सोडते. सकाळी एकदा, फार तर दोनदा स्टार्टर मारेल. मग तेवढी ठिणगीपुरती उरेल. ती ठिणगी जपा.”

घरी आल्यावर शैलाने बॅटरी माजघरात पाटावर ठेवली. तिची टोकं पांढऱ्या बुरशीने माखली होती. गरम पाण्यात खायचा सोडा घालून तिने ती घासली, पुसली, आणि वर लावायला व्हॅसलीन शोधत देवघरात गेली, कारण आबा ओठांना लावायची डबी तिथेच ठेवत. डबीशेजारी तांब्याचा गडू उपडा वाळत ठेवला होता.

तो गडू घरात सगळ्यांना ठाऊक होता. बारा वर्षांपूर्वी तिची आई, जिजाबाई, चांदोदला नर्मदेवर गेली होती. तिथून तिने दोन लहान गडू भरून आणले, लाखेने स्वतःच्या हाताने बंद केले, एक स्वतःसाठी, एक नवऱ्यासाठी. शेवटच्या घटकेला तोंडात घालायला. तिचा उघडावा लागला तीन वर्षांतच. आबांचा तसाच होता. आईच्या बोटाचा ठसा त्या लाखेवर उमटलेला होता, आणि आबा रोज पूजेत त्या ठशाला गंध लावत. आता गडू रिकामा होता, आणि लाखेचे तुकडे तबकात गोळा करून ठेवले होते.

शैला दारातच उभी राहिली. तिच्या अंगाची लाही लाही झाली. वर्षभराचं काम, जीप, सगळं एका पूजेच्या पाण्यात बुडालं होतं. मागे आबा काठी टेकत येऊन उभे होते.

“आबा, बाटली कपाटात होती ना? मी सांगितलं नव्हतं?”

“ते फॅक्टरीतलं पाणी, शैले. मेलेलं पाणी. ना चव, ना काही. पागेत घोड्यांना एकाच विहिरीचं पाणी असे. माझे वडील आधी स्वतः पिऊन बघत. आपल्याकडे उन्मेषने आणलेला नर्मदेचा डबा होता, त्यातलं घालत होतो. पोटभर घालत होतो. तो परवा संपला. बुचात बघितलं, तर मला नीट दिसेना. तहानलेली वाटली. तिला इतकं मोठं काम करायचं होतं.”

“म्हणून आईचा गडू फोडलात?”

“मला काय, अजून वेळ आहे,” आबा म्हणाले. “तुझी घोडी आधी.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं एरवी शैला म्हणाली असती. राग होताच, तो गेला नव्हता. पण या माणसाने स्वतःचं मरण तिच्या कामाखाली ठेवलं, हे कळल्यावर त्या रागाचं करायचं काय, तेच तिला समजेना. ती खाली बसली आणि रडली. मग नाक पुसून उठली आणि म्हणाली, “आबा, उद्या पाचला उठायचं. हँडल शिकवायचं मला.”

“नाही.”

“मग परवा नवरदेव बसवा घोडीवर.”

आबा बराच वेळ वाकडं मनगट चोळत राहिले. मग म्हणाले, “साडेचारला ऊठ. पाणी तापवायला वेळ लागतो.”

पहाटे त्यांनी दोन पातेली पाणी कोमट केलं. रेडिएटरमधलं गार पाणी शैलाने सोडून दिलं आणि कोमट भरलं. झूल बॉनेटवर तशीच ठेवली. उबेतली बॅटरी अगदी शेवटी बसवली. साडेसहाला तिने किल्ली फिरवली. स्टार्टरने एकदा मान हलवली, नुसतं कट कट केलं. दुसऱ्यांदा फिरवायला तिचा हात शिवशिवला, पण तिने तो मागे घेतला. ठिणगी जपायची होती. गल्लीला उतार नव्हता, आणि ढकलायला माणूस म्हणावा तर सगळे वर. एव्हाना गच्च्यांवर दिवे लागले होते, कुठे टेप वाजायला लागला होता. दोन-चार डोकी कठड्यावरून खाली वाकली. “शैलाबेन, रहेवा दो ने, आज तो पतंग चगावो!” वरून कोणीतरी ओरडलं. आज गाडी राहू द्या, पतंग उडवा म्हणे.

“वर बघू नकोस,” आबा म्हणाले. “आधी किल्ली बंद. चोक ओढ. गिअर मोकळा आहे ना? हँडब्रेक? आता हँडल आत घाल आणि तीनदा नुसतं फिरव. पेट्रोल आत जाऊ दे तिच्या.”

शैलाने फिरवलं. ऑइल इतकं घट्ट होतं की विहिरीतून भरलेली घागर ओढावी तसा खांदा भरून आला.

“आता किल्ली चालू कर. आणि नीट ऐक. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मुठीत आवळायचा नाही. माझा आवळलेला होता. हँडल खाली असताना पकडायचं आणि वर खेचायचं. खाली दाबायचं नाही, कधीच नाही. वर खेचलंस आणि ती लाथ झाडली, तर हँडल हातातून सुटून जाईल. दाबत असलीस तर मनगट जाईल.”

पहिल्या खेचीला काही नाही. दुसरीला इंजिन आतून गुरगुरलं आणि हँडल ताडकन उलटं आलं. शैलाची बोटं सुटली, हँडल हवेत गेलं, हात शाबूत राहिला. आबांनी डोळे मिटून घेतले होते.

“अंगठा?” आबांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

“बाहेर होता.”

“मग परत.”

तिने दोन्ही पाय रोवले. निरोपाचं ते घड्याळ तिला आठवलं, उन्मेषचं गिऱ्हाईक आठवलं, आईचा बोटाचा ठसा आठवला, आणि तिने तिसऱ्यांदा खेचलं ते कमरेतून. जीप एकदा शिंकली, दोनदा शिंकली, आणि धडधडायला लागली. आबांनी झूल ओढून घेतली. वरून अख्ख्या गल्लीने पतंग कापल्यावर ओरडतात तसं ओरडून घेतलं, “काप्यो छे!” कोणीतरी थाळीही वाजवली.

बाजव्याला ती सात पंचवीसला पोहोचली. इंजिन बंद न करता. ऑफिसच्या मैदानात दुसरी एकही जीप नव्हती. मफलर गुंडाळलेला साहेब चहाचा पेला घेऊन उभा होता आणि सगळं शहर कुठे गेलं हे त्याला कळत नव्हतं. त्याने शैलाकडे बघितलं, मागच्या सीटकडे बघितलं. “ड्राइवर कहाँ है?”

“मैं ही हूँ.”

साहेब शेजारी बसला. त्यांनी महीच्या दोन घळी उतरून चढल्या. तिसऱ्या घळीच्या तळाशी, जिथे धुकं अजून जमिनीला चिकटलं होतं, तिथे साहेब म्हणाला, “बंद करो.”

शैलाने त्याच्याकडे बघितलं.

“चलती गाड़ी तो सब दिखाते हैं,” तो म्हणाला. “मेरे लोग दिन भर यहाँ रहेंगे. मुझे चालू होती हुई देखनी है.”

लपवाछपवी करता आली असती. वर जाऊन बंद करू, इथे वाळू आहे, असं काहीही सांगता आलं असतं. शैलाने किल्ली बंद केली आणि खाली उतरत जे होतं ते सांगितलं: बॅटरी मेली आहे, घरातल्या चुकीने मेली, नवी सोळा तारखेला मिळेल, तोवर ती हाताने चालू करील, रोज, वेळेवर. मग तिने हँडल घातलं, अंगठा बाहेर ठेवला, आणि खालून वर खेचलं. तापलेल्या इंजिनाने पहिल्याच खेचीला साथ दिली.

साहेबाने तिच्या हातातलं हँडल घेऊन उलटसुलट करून पाहिलं. “सोलह को नयी बैटरी के साथ काम पर आइए,” तो म्हणाला. “और ये भी साथ रखिए.”

पहिल्या रविवारी, नव्या बॅटरीवर, शैला आबांना चांदोदला घेऊन गेली. आबांनी घाटावर बसून गडू स्वतः भरला. लाख शैलाने लावली आणि ती ओली असतानाच तिच्यावर स्वतःचा अंगठा दाबला. येताना आबा गडू मांडीवर धरून बसले होते. घरी आल्यावर त्यांनी बॅटरीच्या पाण्याच्या बाटलीवर कागद चिकटवला आणि मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं, ‘घोडीचं’. तेव्हापासून पाणी बघायचं काम पुन्हा त्यांच्याकडेच गेलं. फक्त बघायचे ते, आणि घालायची शैला, पट्ट्यांच्या वर बोटभर, त्याहून थेंबही जास्त नाही. एक वर्षाचा ठेका पुढे वाढत गेला. उन्मेषच्या गिऱ्हाइकाने दुसरीकडून जीप घेतली, ती तीन वरातींत बंद पडली म्हणे.

आबांनी आणखी पाच हिवाळे बघितले. पाचव्यात, डिसेंबरच्या एका सकाळी, शैलाने अंगठ्याचा ठसा असलेली लाख फोडली, तुळशीचं पान बुडवलं आणि दोन थेंब त्यांच्या तोंडात घातले. ते त्यांनी गिळले, हे तिने बघितलं.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन चांदोदला निघायचं होतं. उन्मेष पहाटे अकोट्याहून आला आणि कलश मांडीवर घेऊन जीपमध्ये बसला. गार वारा सुटला होता. शैलाने झूल काढून घडी घातली, बॉनेट उघडलं, बॅटरीची सहाही बुचं उघडून पाणी बघितलं. मग पदराखालून गडू काढला. तो अजून पाऊण भरलेला होता. तिने रेडिएटरचं झाकण काढलं आणि ते पाणी हळूहळू, सांडू न देता, आत ओतलं.

“ताई, अगं ते आबांचं पाणी,” उन्मेष म्हणाला.

“इथे चालतं,” शैला म्हणाली, आणि तिने जीप चालू केली.